सेन्सरच्या कपाळावरचं कुंकू

“वो गूँगीवाली मैडम आई है. घंटे भर में साइन करके निकल जाएगी. आप तो संगीत की तैयारी करो.”

हे वाक्य माझ्या कानावर पडावं असा कुणाचा हेतू नव्हता. मी हॉटेलच्या तळघरात लग्नाच्या सोनेरी खुर्च्यांच्या थप्पीमागे वाकून सेफ्टी शूजची लेस बांधत होते. थप्पीच्या पलीकडे हॉटेलचे चीफ इंजिनिअर खांडेकर साहेब फोनवर वरच्या बँक्वेट मॅनेजरची समजूत घालत होते. मुकी मॅडम म्हणजे मी.

मी उभी राहिले तसा त्यांनी फोन खिशात टाकला आणि चेहरा प्रेमळ केला. “ये बेटा, ये! तू तर आपल्यातलीच. चहा सांगू?”

मी मान हलवली. ती ‘नको’ होती. चहा आला.

त्यांचं काही चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. खांडेकर साहेब मूळचे ग्वाल्हेरचे, त्यामुळे आम्ही दोघं मराठी, पण आमच्या मराठीतल्या संभाषणात माझा वाटा ‘हो सर’ आणि ‘बघते सर’ एवढाच होता. भोपाळला, पिपलानीच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आई-बाबांशी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी, अशी मी वाढले. शाळेत हिंदी बोलणाऱ्याच्या गळ्यात दिवसभर एक पाटी अडकवत. ती पाटी माझ्या गळ्यात एकदाही आली नाही, कारण मी बोलतच नसे. तीन भाषा येणाऱ्या मुलीला तीन भाषांत गप्प बसता येतं.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिही, असं संपादक काकांनी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तुझं ते एसी दुरुस्तीचं काम आहे ना, त्यातल्या गमतीजमती लिही.” मी एसी दुरुस्त करत नाही, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. म्हणून इथे सांगते.

मोठ्या हॉटेलात किंवा मॉलमध्ये जो गारवा असतो तो तळघरातल्या ट्रकएवढ्या यंत्रातून येतो. त्याला चिलर म्हणतात. चिलर पाणी गार करतो आणि ते पाणी पाइपांतून इमारतभर फिरतं. चिलरच्या पोटात एक वायू कोंडलेला असतो, खरी मेहनत त्याची. हा वायू गळतो आहे का, गळला तर कुणाला कळेल का, कळल्यावर पंखा सुरू होऊन तो बाहेर फेकला जाईल का आणि त्या खोलीतून माणूस धडपणे बाहेर पडू शकेल का, एवढं तपासून कागदावर सही करणं हे माझं काम.

वायूचा स्वभावही सांगून ठेवते. त्याला रंग नाही, वास जवळजवळ नाही. तो हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे पाण्यासारखा खाली उतरतो आणि खड्ड्यात साचतो. जिथे साचतो तिथल्या हवेला तो बाहेर ढकलतो. तिथला माणूस श्वास घेत राहतो, फक्त त्या श्वासात हवा नसते. आधी डोकं जड होतं, मग झोप येते. या झोपेतून उठवायला कुणी आलं नाही तर ती संपत नाही. म्हणून वायू ओळखणारा सेन्सर जमिनीपासून हातभर उंचीवर लावतात.

लावतात, असं पुस्तकात आहे. एका ऑफिसात मला तो छताला लागून, कॅमेऱ्याच्या शेजारी सापडला. “ऊपर से सब पे नज़र रहती है,” असं कारण मिळालं. एका मॉलमध्ये धूळ बसू नये म्हणून त्याला काचेच्या पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावलं होतं. आणखी एका ठिकाणी भोंग्याची वायर कापलेली होती, कारण तो विनाकारण वाजत असे. विनाकारण म्हणजे गॅस गळत असताना.

या सगळ्यांना आमच्या ऑफिसने प्रमाणपत्रं दिली आहेत. आमचं ऑफिस अरेरा कॉलोनीत एका मिठाईच्या दुकानाच्या वर आहे आणि रिपोर्टच्या भाषेवर त्या दुकानाचा परिणाम झाला आहे. ‘बंद’ असं मी लिहिलं की आमचे सर ‘सुधारणेस वाव’ करतात. ‘गंभीर’ हा शब्द आमच्याकडे जपून ठेवलेला असतो, लग्नातल्या चांदीच्या भांड्यांसारखा. कुणी वापरत नाही, पण आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

बाग सेवनियाच्या पुढे, होशंगाबाद रोडवरच्या या हॉटेलात मी पहिल्यांदा गेले ती मागच्या वर्षीच्या मे महिन्यात. तिथला ऑपरेटर बाबूलालजी. पन्नाशीकडे झुकलेला, किडकिडीत, स्वच्छ माणूस. खोलीत शिरताना तो चपला दाराशी काढायचा. त्याच्या रजिस्टरात गॅसच्या रकान्यात रोज शून्य होतं. एकाच पेनाचं, एकाच गोलाईचं शून्य. पुढच्या सोमवारपर्यंतची शून्यं भरूनही ठेवलेली होती.

“एकदम चकाचक आहे माझी रूम,” खांडेकर साहेब म्हणाले. “दोन वर्षांत एकदाही अलार्म नाही. लिहून घे.”

मी सेन्सर शोधला. तो अगदी योग्य जागी होता. हातभर उंचीवर, पंपांच्या खड्ड्यात उतरणाऱ्या पायऱ्यांच्या वर, पांढरी डबी आणि तिच्यावर छोटा हिरवा दिवा. डबीच्या मध्यभागी रुपयाएवढी बारीक जाळी असते, तिच्यातून हवा आत जाते. त्या जाळीवर कुंकवाचा जाड टिळा होता. तूप, हळद, कुंकू आणि वर तांदळाचे दाणे. सगळं वाळून खपलीसारखं घट्ट झालेलं.

आमच्या भागात विश्वकर्मा पूजा कारखान्यापासून सायकलच्या दुकानापर्यंत सगळीकडे होते. यंत्रांना झेंडू, हळद-कुंकू, मग प्रसाद. बाबूलालजीने चिलरला टिळा लावला होता, पंपांना लावला होता, पाना-पक्कडीलाही. आणि सगळ्यात भक्तीने लावला होता तो या डबीला.

“बाकी सब लोहा है, मैडम,” तो मला म्हणाला. “ये छोटे भैया आँख खोल के बैठे रहते हैं दिन-रात. इनको सबसे पहले लगाता हूँ.”

त्याने डबीचा चेहरा ओळखला होता. फक्त तो नाकाला कपाळ समजला होता.

मी विचारलं की गॅस गळला तर तुम्हाला कसं कळेल. एवढं मोठं वाक्य मी बोलले म्हणून तोही चकित झाला. मग हसला.

“गैस हमको मत बताओ, मैडम. हम पुराने शहर के हैं. पाँच साल के थे, अम्मा ने ‘गैस’ बोला और हाथ पकड़ के दौड़ी. आँखों में मिर्च भरी थी. आज भी कोई वो शब्द बोल दे तो नींद में भाग जाऊँ.” मग चिलरला थोपटून म्हणाला, “इसमें क्या है? ये तो शरीफ़ गैस है. आँख नहीं जली तो काहे की गैस?”

या शहरात गॅस म्हटलं की एकच. डिसेंबरच्या सुरुवातीला शहराला सुट्टी असते, लहानपणी मला ती नुसती सुट्टी वाटायची. त्या एका गॅसने शहराला एक धडा दिला आणि तो असा पक्का बसला की दुसऱ्या धड्याला जागाच उरली नाही. डोळे जळले तर पळायचं. नाही जळले तर निवांत राहायचं. डोळे न जळता माणूस जाऊ शकतो, हे बाबूलालजीला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते सांगायला ज्या मुलीला पाठवलं होतं, ती समोर उभी राहून चहा पीत होती.

तेव्हा मी काय करायला हवं होतं ते साधं होतं. नखाने टिळा खरवडायचा आणि म्हणायचं, ‘बाबूलालजी, हे याचं नाक आहे.’ हे वाक्य मी मनात तिन्ही भाषांत रचलं. पण कुणाच्या पूजेचं कुंकू मी, कालची आलेली पोरगी, नखाने कसं काढू, असं वाटलं. घरी जाऊन मी रिपोर्टमध्ये ‘सेन्सरची जाळी बंद’ असं लिहिलं आणि काम केल्याचं समाधान मानलं. सरांनी त्याचं ‘सेन्सरची नियमित स्वच्छता राखावी’ केलं. ते वाक्य खांडेकर साहेबांनी वाचलं असेल तर त्यांनी फार तर डबीवर फडकं मारायला सांगितलं असेल. रिपोर्ट इंग्रजीत असतो, आणि बाबूलालजीला इंग्रजी वाचता येत नाही. मी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं, आणि तेही छापील कागदावर, सहीशिक्क्यासकट. या लेखात मी ज्यांची चेष्टा केली आहे त्या यादीत माझं नाव वरच्या अंगाला घालावं.

तर यंदाचा मे. दुपारचे तीन. वर हळदीच्या जेवणाच्या पंगती उठत होत्या, संध्याकाळी संगीत. दोन्ही चिलर पूर्ण जोराने धावत होते. दार उघडलं की आवाज अंगावर येतो, शेजारच्या माणसाशी बोलायलाही कानाजवळ जावं लागतं. दाराजवळच्या पडद्यावर गॅसचा आकडा शून्य.

माझ्याकडे हातात धरायचं एक यंत्र असतं, वाकड्या मानेचं. गॅसचा माग लागला की ते टकटक करतं, जास्त मिळाला की त्या टकटकीची शीळ होते. दारातून आत दोन पावलं टाकली आणि ते टकटकायला लागलं.

“बॅटरी गेली असेल,” खांडेकर साहेब माझ्या कानात ओरडले.

मी ते छातीशी धरलं. गप्प. घोट्याशी नेलं. टकटक वाढली.

“मग वर धर ना!” साहेब म्हणाले. “वर तर काही नाही.”

मी डबीपाशी गेले. टिळ्यावर टिळा चढला होता, या वर्षीचं कुंकू मागच्या वर्षीच्या कुंकवावर. आमच्याकडे तपासणीच्या गॅसची एक छोटी बाटली असते. ती सेन्सरच्या तोंडाशी धरून उघडली की अलार्म वाजायलाच हवा. मी उघडली. हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत राहिला.

“बघ!” साहेब खूश झाले. “तू स्वतः सोडून पाहिलंस तरी वाजला नाही. किती स्टेबल आहे!”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. अलार्म न वाजणं म्हणजे सगळं ठीक, या हिशोबाने ते मला सेन्सरची तब्येत दाखवत होते.

मग मी गळती कुठे आहे ते पाहिलं. गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं, त्यामुळे गळणारी जागा स्वतःहून डाग दाखवते. दुसऱ्या चिलरच्या खालच्या जोडाला तेलाचा ओला डाग होता आणि त्याखाली कुणीतरी नीटनेटकेपणाने वर्तमानपत्र अंथरलं होतं. फरशीचा उतार तिथून सरळ पंपांच्या खड्ड्याकडे. खोलीतला गॅस बाहेर फेकणाऱ्या पंख्याचं तोंड भिंतीत, जमिनीलगत असतं. ते मला दिसेना. दिसला तो नवरा-नवरीचा सोफा. लाल मखमलीचा, सिंहाच्या पायांचा, पाठीवर सोनेरी मोर. स्टोअरमध्ये जागा नव्हती म्हणून तो तिथे, पंख्याच्या तोंडाला पाठ लावून मुक्कामाला होता. मी पंख्याचं बटण दाबलं. पंखा फिरला, सोफ्याच्या मागची झालर हलली, बाकी काही झालं नाही.

“ते उद्या हलवतो,” साहेब म्हणाले. “आज संगीत होऊ दे. तू रिपोर्टात लिही ना, थोडा चार्ज कमी झालाय. टेन्शन नको घेऊस.”

आमच्या धंद्यात या शहरापुरती ही एक रीत आहे. इथे गॅस कधी गळत नाही. चार्ज कमी होतो, मशीनला तहान लागते, टॉप-अप होतो. ‘गॅस’ हा शब्द रिपोर्टात येत नाही आणि ग्राहकासमोर तोंडात तर नाहीच. बाबूलालजीला विचारलेला तो एक प्रश्न सोडला तर मी स्वतः तीन वर्षांत तो उच्चारलेला नाही.

मी मान हलवणारच होते. एवढ्यात खड्ड्याच्या पहिल्या पायरीजवळ मला चपला दिसल्या. शेजारी शेजारी, टाचा जुळवून ठेवलेल्या.

कठड्यावरून वाकून पाहिलं. चार पायऱ्या खाली, गार पाण्याच्या घामेजलेल्या पाइपांखाली, फोल्डिंग पलंगावर बाबूलालजी झोपला होता. कानांत कापसाचे बोळे, डोळ्यांवर गमछा. मे महिन्यात भोपाळमधली ती बहुधा सगळ्यात गार जागा असेल. पलंगाने त्याला हातभर उंच ठेवलं होतं, बाकी काही त्याच्या बाजूने नव्हतं.

मी गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी काढली, शर्टाला लावलेलं, हवेत ऑक्सिजन कमी पडला की वाजणारं मीटर तिला बांधलं आणि खाली सोडलं. दुसऱ्या पायरीच्या खाली गेल्यावर ते किंचाळायला लागलं. बाबूलालजी हलला नाही.

इथे एक मिनिट थांबते आणि सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. बाबूलालजी बरा आहे. दोन दिवस त्याचं डोकं दुखलं, एवढंच. त्याआधी महिनाभर रोज दुपारी दुखायचं ते मात्र थांबलं; तेव्हा ते चहाने उतरतं असं तो समजत होता. डबीवरचा टिळा त्याने स्वतः ओल्या कापसाने पुसला, ते पाणी तुळशीत घातलं आणि आता डबीच्या वर, भिंतीवर कुंकू लावतो. तिथे मलाही हरकत नाही. बसायला खुर्ची दाराबाहेर घेतली आहे. मी रिपोर्टमध्ये ‘गंभीर’ लिहिलं. सरांनी तो शब्द तीनदा वाचला आणि राहू दिला. ते हॉटेल आता आमचं ग्राहक नाही. दुसऱ्या कुणीतरी त्यांना प्रमाणपत्र दिलं आहे आणि त्यांचं शून्य पुन्हा एकदम गोल आहे, असं ऐकते. सोफा हलवला म्हणतात. लग्नसराईत तो तसाही हलतोच.

तर त्या दुपारी खांडेकर साहेबांनीही वाकून पाहिलं आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. ते लगेच म्हणाले, “अरे, मी उठवतो त्याला,” आणि पायरीवर पाय टाकला.

आमच्या कामाचा पहिला नियम हाच. खाली पडलेल्याला उठवायला कुणी उतरायचं नाही. उतरणारा वाकतो, हलवतो, जोरात श्वास घेतो आणि शेजारी आडवा होतो. मी मोकळ्या हाताने साहेबांचा पट्टा मागून धरला. माझ्या बाबांच्या वयाच्या माणसाचा पट्टा. ते वळून बघायला लागले.

“अगं, सोड! मग काय करू? कसा उठणार तो?”

“बाबूलालजी,” मी खाली वाकून म्हटलं. माझ्या नेहमीच्या आवाजात. तो आवाज कठड्यापलीकडेही गेला नसेल.

मी पुन्हा तोंड उघडताच साहेबांना एकदम कळलं की मी काय ओरडणार आहे. त्यांनी मागे दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. बाहेर लिफ्टपाशी केटरिंगची माणसं भांडी उतरवत होती, आणि जिन्यावरून वरच्या ढोलकीचा आवाज येत होता. ते माझ्या कानाशी आले आणि त्या सगळ्या गोंगाटात कुजबुजले, “बेटा, उठो म्हण, काही पण म्हण. तो शब्द नको. वर पब्लिक आहे. भोपाळ आहे हे.”

मला मागच्या वर्षीचं सगळं आठवत होतं. ‘उठो’ने हा माणूस उठणार नव्हता. कशाने उठेल, झोपेतूनही पळेल, ते त्याने स्वतःच मला चहा पिताना सांगून ठेवलं होतं. ते वापरणं क्रूर आहे हेही मला माहीत होतं. पाच वर्षांच्या मुलाला ज्या हाकेने उठवलं होतं, त्याच हाकेने त्याला चाळीस वर्षांनी पुन्हा उठवायचं. पण दुसरी एवढी मोठी हाक माझ्याकडे नव्हती, आणि मीटर खाली किंचाळतच होतं.

मी उभ्या उभ्या, वरची चांगली हवा छाती भरून घेतली. साहेबांचा पट्टा सोडला नाही. आणि दोन चिलर, चार पंप आणि एका ढोलकीच्या वर चढेल अशा आवाजात, जो माझा आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, ओरडले:

“बाबूलालजी! गैस! भागो!”